मोरीपुरता आवाज

माझा आवाज गेल्यानंतर मला पहिलं बोलावणं आलं ते बोलण्यासाठीच.

मी चिपळूणला राहते. जनावरांची सरकारी डॉक्टर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, लग्न केलं नाही. मागच्या वर्षी घशातली एक गाठ काढावी लागली. त्यानंतर आवाज परत आला तो अर्धाच. कुजबुजीपेक्षा जरासा मोठा, आणि थोडं बोललं की विझणारा. डॉक्टर म्हणाले, "आहे तो पुरवून वापरा." एकट्या बाईला हे सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. पण घरात बोलायला कुणी नसणं आणि बोलायला आवाजच नसणं, हे दोन्ही एकत्र आलं की दिवस फार लांब होतात.

थंडीच्या सुरुवातीला सारिकाचा संदेश आला. धाराशिव जिल्ह्यात, येरमाळ्याच्या अलीकडे एक धनगरवस्ती आहे, तिथं ती अंगणवाडी सेविका आहे. तिचे सासरे म्हाळाप्पा शेरडं राखतात. माझ्या नोकरीची पहिली वर्षं त्याच भागात गेली होती, आणि मला तिथं कुणी नावानं ओळखत नसे. मी 'शेरडाची बाई' होते. म्हाळाप्पांनी म्हणे माझं नाव नाही, तेच सांगितलं होतं, आणि सारिकानं जनावरांच्या दवाखान्यात विचारत विचारत माझा पत्ता काढला होता.

मजकूर असा होता. वस्ती आणि चराईचा माळ यांच्यामधून एक नवा जोडरस्ता चालला आहे. रस्ता उंच भरावावरून जाणार. भराव पुरा झाला की जनावरांना माळावर जायला वाट राहणार नाही. थोरल्या हमरस्त्यावरून वळसा घालावा लागेल. त्या हमरस्त्यावर शेरडं पलीकडं नेताना मागच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचा, दत्ताचा, पाय मोडला. आता धाराशिवला रस्त्याच्या तक्रारींवर एक बैठक ठेवली आहे. प्रत्येक गावाकडून एकानंच बोलायचं, पडद्यावर चित्रं दाखवून, थोडक्यात. 'आमची माणसं बोलायला उठली की भांडण होतं. तुम्ही शिकलेल्या, परक्या. तुम्ही बोलाल का?'

मी घशाचं सगळं लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं, 'घसा बसलाय तर हळद-दूध घ्या. पण या.'

कितीतरी दिवसांत मला कुणी काही मागितलं नव्हतं. मी बॅग भरली.

येडशी

वस्तीवर थेट जायच्या आधी चार दिवस येडशीला राहायचं मी ठरवलं. बोलण्याची तयारी एकटीनं, शांतपणे करावी असा विचार होता. एकटेपणाची सवय असल्यामुळे त्यात काही अवघड जाईल असं वाटलं नाही.

कोकणातून जाणाऱ्याला हा मुलूख पहिल्यांदा रिकामा वाटतो. आमच्याकडे नजर दहा पावलांवर झाडाला नाहीतर दगडी गडग्याला अडते. इथं ती जाते ती जातेच. काळी रानं, त्यात कमरेएवढी ज्वारी, तुरीच्या वाळत चाललेल्या ओळी, आणि वर एवढं आभाळ की माणसानं आपल्यापुरतं कुठलं घ्यावं ते कळू नये. उतरल्या उतरल्या गार वारा आला आणि मी गळ्याभोवती मफलर आवळला.

लॉजच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी झोपायचे, दुसरीवर माझं भाषण मांडलं होतं. मी लॅपटॉप आणला होता, पण मला हातात धरून सरकवता येतील अशी कागदाचे तुकडे लागतात. एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर लिहिला. या भागातल्या काळ्या, लांब कानांच्या शेळ्यांची जात. त्यांची जुळी करडं. दुष्काळात घर कसं शेरडावर तरतं. निजामाच्या काळापासूनच्या चराईच्या वाटा. लसीकरणाची माझी मोहीम. मी सायकलवरून वस्तीवर जायचे ते. एका रात्रीत साथीनं अख्खा कळप आडवा झाला ते. नवा रस्ता. भराव. दत्ताचा पाय.

खाट भरून गेली. मला फार बरं वाटलं. खोलीत कुणीतरी आल्यासारखं.

मग मी दार लावून बोलून बघितलं. शेळीच्या जातीपासून सुरुवात केली, दुष्काळावर आले, माझ्या सायकलपर्यंत पोचले आणि आवाज गेला. रस्ता अजून आलाच नव्हता. पाणी पिऊन, थांबून पुन्हा केलं. या खेपेला साथीपर्यंत गेले. तिसऱ्यांदा मी भराभर बोलले, तर खोकला आला आणि उरलेली संध्याकाळ मी एक शब्दही काढू शकले नाही. खाली जेवायला गेले तर लॉजचे मालकच वाढायला होते, त्यांना बोटानं दाखवून भाकरी आणि शेंगाची चटणी मागितली. ते मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. आवाज नसलेल्या माणसाला ऐकूही येत नाही असं लोक का धरून चालतात, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर सुशीला खाल्लं. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा पदार्थ आमच्याकडे कुणी करत नाही. पोह्यांचा भाऊ म्हणावा असा, पण अंगानं हलका. वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. खाताना मी चिठ्ठ्यांचा क्रम मनात बदलत होते. रस्ता आधी घ्यावा आणि शेळ्या नंतर? मग शेळ्यांचं महत्त्व कुणाला कळणार? कुठलीही चिठ्ठी उचलली तरी ती दुसरीला धरून यायची.

रामलिंग

येडशीजवळ डोंगरांच्या खोल घळीत रामलिंगाचं देऊळ आहे. वरून रस्त्यावर उभं राहिलं तर पत्ताही लागत नाही. पायऱ्या उतरत गेलं की एकदम झाडी दाटते, हवा गार होते, आणि ओढ्यानं वळसा घातलेल्या जागेवर देवळाचं शिखर दिसतं. जटायूची समाधी इथलीच, असं इथली माणसं सांगतात. मला ती झाडी बघून घरची आठवण आली आणि मी बराच वेळ पायऱ्यांवरच बसून राहिले. मग पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या.

माकडांचं मला लॉजवाल्यांनी सांगितलं होतं, पण ते खाण्याबद्दल सावध करतायत असं मी समजले होते. एक मोठं वानर शेजारच्या कठड्यावरून आलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, वास घेतला, आणि मी ओरडायच्या आत झाडावर गेलं. ओरडायच्या आत असं मी सवयीनं लिहिलं. मला ओरडता येतच नव्हतं. मी नुसते हात हलवत उभी राहिले. वानरानं एकेक कागद चावून खाली सोडला. काही ओढ्यात पडले.

"खायाचं न्हाय म्हणल्यावर टाकतंय बगा ते," खालच्या पायरीवरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. पांढरा पायजमा, स्वेटर, डोक्याला रुमाल. त्यांनी काठीनं दोन-तीन चिठ्ठ्या ओढून माझ्याकडे दिल्या आणि शेजारी बसले.

त्यांचं आडनाव गवळी. रेल्वेत होते. पुढचा बराच वेळ ते बोलत होते आणि मी ऐकत होते. नॅरोगेजची छोटी गाडी चढावर इतकी हळू चालायची की माणसं उतरून बोरं तोडून परत चढायची, हे सांगितलं. मोठी लाइन आली तेव्हा जुने रूळ उचलताना ते बघायला गेले होते, ते सांगितलं. मग ज्वारीवर घसरले. मग गुडघ्यावर. मग येडशीत घर बांधलं त्यावर. वरचा मजला कुणासाठी काढला, त्याला फरशी कुठली घातली. मी मान हलवत होते. सगळं चांगलं सांगत होते ते, पण मला मधूनच वाटायचं की हे गृहस्थ मला नक्की काय सांगतायत?

मग त्यांनी काठी पायरीवर आडवी ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "आमची मंडळी पुण्यात असत्यात. नातू सांभाळाय गेल्या. चार म्हैन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या, आता वरसं झाली. तिकडंच रमल्या. म्या रोज हितं येतो. घरात कायबी आवाज न्हाय."

गाडी, रूळ, ज्वारी, गुडघे, फरशी, सगळं या एका वाक्याच्या अंगणात फिरत होतं आणि दारातून आत यायला त्यांना एवढा वेळ लागला होता.

"म्याच बोलायलोय मघापासनं," ते जरा ओशाळून म्हणाले. "तुमी कायच बोलंनात."

मी घशाकडे बोट केलं, मफलर सरकवून व्रण दाखवला आणि जमेल तेवढ्या आवाजात म्हणाले, "बोलता येत नाही फार. पण ऐकायला आवडलं."

ते कान पुढे करून ऐकत होते. मग त्यांनी खिशातून पेढ्याचा पुडा काढून माझ्यापुढे धरला. खव्याचा, जरा करपट गोड चवीचा. आम्ही तो वानरांची नजर चुकवून, पाठ करून खाल्ला. उठताना ते म्हणाले, "सांभाळून जावा. पायरी निसरडी हाय." दुसऱ्या दिवशीही मी रामलिंगला गेले असते तर ते तिथं असते. मी गेले नाही. परत येताना मला ते फार जवळचे वाटत होते आणि त्यामुळेच त्यांना पुन्हा भेटायला नको वाटत होतं.

कारण खोलीत आल्यावर मी उरलेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या खाटेवर मांडल्या आणि मला दिसलं की मीही गवळीकाकांसारखीच फिरतेय. सायकल, लसीकरण, साथ, शेरडाची बाई. बैठकीला आलेल्या माणसांना यातलं काय करायचं होतं? कुणीतरी आपल्याला इतका वेळ ऐकणार आहे, या कल्पनेनंच मी सगळं घर उचलून आणलं होतं. मी चिठ्ठ्या गोळा केल्या. मग एकच कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं: ऐकून झाल्यावर त्यांनी काय करावं?

आधी 'रस्ता करू नका' असं लिहिलं. ते खोटं होतं. रस्ता वस्तीलाही हवा होता. 'जनावरांसाठी पूल बांधा' असं लिहिलं. तो बांधून मिळणार नाही हे मला सरकारी नोकरीत राहिल्यामुळे ठाऊक होतं. कागद तसाच ठेवून मी खिडकीशी बसले. पलीकडच्या रानात कुणीतरी हुरड्याची आगटी पेटवली होती. चार-पाच माणसं गोल बसली होती, हसणं ऐकू येत होतं. धुराचा वास वर येत होता. त्यांनी मला ओळखलं असतं तर बोलावलं असतं, एवढी ही माणसं मोकळी. पण खालून वर कुणी बघितलं नाही.

वस्ती

बैठकीच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर गेले. सारिका फाट्यावर घ्यायला आली होती, तिशीतली, चटपटीत, अंगणवाडीच्या साडीत. मी "कशी आहेस?" विचारलं तेव्हा ती क्षणभर थांबली. घसा बसणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं असावं.

"एवढाच येतो आवाज?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. आणि मोटारसायकलीवर मला मागं बसवून निघाली.

म्हाळाप्पा दारातच उभे होते. मला आठवत होता तो उंच, दणकट गडी आता वाकला होता, पण पटका तसाच. "आल्या का शेरडाच्या बाई," ते म्हणाले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "वाळलाव लई." कोकणात पाहुण्याला आधी पाणी आणि गूळ देतात, मग प्रकृतीचं बोलतात. इथं प्रकृतीचं आधी झालं, मग पाणी आलं. दत्ता भिंतीला टेकून खाटेवर बसला होता. आता तो येरमाळ्याच्या फाट्यावर एका दुकानात बसतो. शेरडं राखणं त्याला जमत नाही. त्याची कुबडी त्यानं माझी नजर जाताच मागं सरकवली.

दुपारी मी म्हाळाप्पांबरोबर रस्त्याचं काम बघायला गेले. दोन्हीकडून मातीचा भराव चढत आला होता, घरापेक्षा उंच. मधे ओढ्याचं खोलगट अंतर तेवढं उघडं होतं. त्यात सिमेंटचे नळ टाकून ठेवले होते, ओढ्याचं पाणी जायला. आमच्याकडे मोरी म्हटलं की माणसं न्हाणीघर समजतात. इथं ही रस्त्याखालची मोरी. कळप त्या उघड्या अंतरातून, नळांना वळसा घालून पलीकडं चालला होता.

"संक्रातीनंतर ह्येबी भरणार," म्हाळाप्पा म्हणाले. "मग झालं."

ऊन डोक्यावर होतं. मी सावलीसाठी ओढ्यात उतरून नळाशेजारी बसले. म्हाळाप्पा कळपामागं गेले. तेवढ्यात एक करडू, चारसहा दिवसांचं असेल, मागं राहिलं आणि सरळ नळात शिरलं. आत त्याच्या खुरांचा टकटक आवाज आला. पलीकडून बाहेर पडून ते ओरडू लागलं. त्याची आई इकडच्या तोंडाशी आली. वाकली, डोकं आत घातलं, खांदे अडकले, मागं आली. पुन्हा घातलं. करडू पलीकडून तिच्याकडं बघून ओरडत होतं, ती इकडून. वरची माती अजून भरलेली नसल्यामुळे ती शेवटी नळाला वळसा घालून गेली. पण मला ती माती भरलेली दिसली.

मी बसल्या जागेवरून फोटो काढले. करडाचा, अडकलेल्या शेळीचा, मग दोघांच्या मधल्या नळाचा. इथं पाण्यासाठी वाट ठेवलेलीच आहे. ती फक्त उंच करायची आहे. नवा पूल नको, रस्ता हलवायला नको. मी तिथंच वाळूत बोटानं लिहिलं: ही मोरी उंच करा. आणि खाली काही लिहायचं राहिलं नाही.

संध्याकाळी चुलीपुढं बसून मी सारिकाला माझं बोलणं ऐकवलं. तरीही मी थोडं इकडचं तिकडचं घेतलंच होतं. शेळीची जात होती, दुष्काळ होता, माझी सायकल होती. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. झाल्यावर मी म्हणाले, "आता तू मला सांग, मी काय सांगितलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "करडू पलीकडं गेलं, आई गेली न्हाय," ती म्हणाली. "मोरी उंच करा म्हणलाव."

"आणखी?"

तिनं आठवून बघितलं. "आणखी लई सांगितलं की तुमी," ती जपून म्हणाली. "पण मला ते करडूच दिसायलंय मघापासनं."

म्हाळाप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सायकलीचं नगं म्हणून सांग त्यास्नी."

सारिका त्यांच्याकडं डोळे मोठे करून बघायला लागली. मी हसले. मग उठून बाहेर गेले. अंगणात शेरडं बसली होती, रवंथ करत. मला हसू आलं होतं तेही खरं आणि आता डोळे भरून आले तेही खरं. या भागात मी काढलेली वर्षं, ज्यांच्यावर मी आतून उभी आहे असं मला वाटायचं, ती सगळी या कामाला नको होती. कुणी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. नकोच होती. आत येऊन मी सायकल काढली. मग साथ काढली. शेळीची जात, निजामाच्या वाटा. प्रत्येक वेळी सारिकाला ऐकवलं आणि दरवेळी आवाज थोडा जास्त उरला. शेवटी चित्रं तेवढी राहिली: करडू, आई, नळ, आणि अलीकडं वस्ती पलीकडं माळ दाखवणारं एक. दत्ताच्या पायाचं घ्यायचं की नाही यावर मी थांबले, तेव्हा तो खाटेवरून म्हणाला, "माझं घेऊ नका बाई. लोक पायाकडं बघत्यात, मोरी राहून जाईल."

जेवायला बाजरीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ताकाला लसणाची फोडणी. मी खाली मान घालून जेवत होते. म्हाळाप्पांनी स्वतः उठून माझ्या ताटात भाकरी वाढली.

धाराशिव

बैठकीची जागा म्हणजे एका सरकारी इमारतीतलं लांब दालन होतं. खुर्च्या भरून माणसं भिंतीला उभी. पुढं टेबलामागं तीन अधिकारी, मधल्या मोठ्या साहेबांच्या समोर फायलींचा ढीग. आमच्या आधी दोन गावांची माणसं बोलली. एकानं सुरुवात शेतकऱ्यांच्या इतिहासापासून केली आणि मूळ मागणीवर यायच्या आत त्याची वेळ संपवली गेली. दुसऱ्याचं अधिकाऱ्यांशी भांडण झालं. साहेब घड्याळाकडं बघत होते.

मग मला बोलावलं. सारिका लॅपटॉपपाशी उभी राहिली. मी माइक अगदी ओठांशी धरला आणि बोलायला लागले. कुणालाच ऐकू गेलं नसावं. मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोला." मी घशाकडं बोट दाखवलं. सारिकानं पुढचं न विचारता करडाचं चित्र लावलं.

दालन हळूहळू गप्प झालं. ऐकायला गप्प बसावं लागत होतं म्हणून.

मी म्हणाले, "हे पिल्लू पलीकडं गेलं." सारिकानं चित्र बदललं. "ही त्याची आई. ती जाऊ शकली नाही. नळ अरुंद आहे." पुढचं चित्र. "अलीकडं वस्ती, पलीकडं माळ. संक्रांतीनंतर वरची माती भरली जाईल. पाण्यासाठी मोरी होणारच आहे. ती उंच करा. एवढंच मागणं आहे."

मी माइक खाली ठेवला. आवाज अजून शिल्लक होता. तो आणखी काही सांगायला वापरावा असं मला फार वाटलं, आणि मी वापरला नाही.

साहेबांनी चित्र पुन्हा लावायला सांगितलं. शेजारच्या तरुण अभियंता मुलीनं नकाशा उलगडून जागा शोधली. "किती उंच?" तिनं विचारलं. मी सारिकाकडं पाहिलं.

"डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली बाई न वाकता जावी," सारिका म्हणाली.

अभियंता मुलीनं ते तसंच लिहून घेतलं असावं, कारण ती लिहिताना थोडी हसली. साहेब म्हणाले, "नळांऐवजी चौकोनी मोरी घ्यावी लागेल. वरून मंजुरी लागेल. मी आत्ता हो म्हणत नाही. पण मंजुरीचं कळेपर्यंत तिथली भरणी थांबवा." आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर वस्तीची माणसं भोवती जमली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती कमी बोलली. मंजुरी येईल का, यावर कुणाचा विश्वास नव्हता. म्हाळाप्पा हात जोडून उभे राहिले, मग "शेरडं सोडायचीत" म्हणाले. टमटम भरून सगळी गेली. सारिका मला बरोबर चला म्हणत होती. माझी परतीची गाडी धाराशिवहूनच होती, आणि खरं सांगायचं तर त्या टमटममध्ये मला जागा करताना कुणाला तरी उतरावं लागलं असतं.

गाडीला वेळ होता. मी एका हॉटेलात बसून गुलाबजाम मागवले. धाराशिवचे गुलाबजाम नावाजलेले आहेत. मोठे, गडद, आत खव्याचा कण लागणारे. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब लग्नाच्या खरेदीचं बोलत होतं. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज वाचवला होता आणि तो कुणाला द्यावा हे मला सुचत नव्हतं. वाढणाऱ्या बाईंना मी सावकाश, पूर्ण वाक्यात सांगितलं की गुलाबजाम फार चांगले झालेत, माझ्या आईला आवडले असते. त्या घाईत होत्या. "आणखी आणू का?" म्हणाल्या.

चिपळूण

घरी आल्यावर काही दिवस मी त्या भागातलंच बोलत असायचे, स्वतःशी, स्वयंपाक करताना. वगळलेलं सगळं तेव्हा आठवलं. सायकलीचा घाट, साथीची ती रात्र, सकाळी म्हाळाप्पांनी जिवंत राहिलेली शेळी माझ्या मांडीवर आणून ठेवली होती ते. लिहून काढावं असं वाटलं आणि हे प्रवासवर्णन सुरू झालं. पण बघितलंत तर यातही ते थोडंच आलंय. मला आता कापायची सवय लागली आहे.

मंजुरीचं मध्यंतरी सारिकानं कळवलं. चौकोनी मोरी मिळाली, थोडी कमी उंचीची. 'पेंढी असली तर बाईला मान वाकवावी लागेल,' तिनं लिहिलं होतं. 'पण जाता येईल.'

चैत्रात, येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेच्या सुमाराला, एका सकाळी तिचा फोन आला. मी उचलून काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "बोलू नका बाई. नुसतं ऐका." मग सरकासरकीचा आवाज आला, तिनं फोन कुठंतरी ठेवला असावा. आधी एकदोन खुरं वाजली, सिमेंटवर, घुमणारी. मग घंटी. मग सगळा कळप आत शिरला आणि तो आवाज मोरीच्या भिंतींवर आपटून दुप्पट तिप्पट होऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. करडं ओरडत होती, त्यांच्या आया उत्तर देत होत्या, दोन्ही एकाच बाजूनं. म्हाळाप्पांचं हुर्रर्र, हुर्रर्र. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

"आलं का ऐकू?" सारिकानं लांबून ओरडून विचारलं.

मी "आलं" म्हणाले. तिला ते पोचलं की नाही कळलं नाही, कारण मागची शेरडं अजून संपत नव्हती.